आसनांचे दिवस, विसाव्याचे दिवस

आसनांचा सराव आठवड्यातून किती दिवस करावा, याचे एकच उत्तर योगपरंपरेत सापडत नाही. पतंजलींच्या मते अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आस्थेने व्हावा. त्याच योगसूत्रांत आसनाचा विषय येतो तेव्हा मात्र प्रयत्नाचा ताण सैल करायला सांगितले आहे. हठप्रदीपिकेने योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी मोजल्या, त्यांत अतिश्रम आहेत आणि नियमांचा हट्टही आहे. सातत्य हवे, पण हट्ट नको, असा हा दुहेरी आदेश आहे. आयुर्वेदाने त्याला मापही दिले: बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही थंडीत आणि वसंतात, उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याहून कमी. कपाळावर आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे.

विसाव्या शतकात या आदेशाचे दोन वेगळे अर्थ लावले गेले, आणि दोन्हींचे मूळ एकच. म्हैसूरला टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे शिकलेल्या पट्टाभी जोइस यांनी तिथेच अष्टांग पद्धत रुजवली. तिच्यात ठरलेला क्रम आठवड्यातून सहा दिवस करायचा. शनिवारी सुट्टी, शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेला आसने बंद. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत अमावास्येला औत जुंपत नाहीत, त्यामुळे इथल्या वाचकाला ही सुट्टी परकी वाटू नये.

कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य, आणि नात्याने मेहुणे, बी. के. एस. अय्यंगार 1937 साली शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. ‘लाइट ऑन योगा’ हा त्यांचा ग्रंथ 1966 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी 300 आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. जवळपास सहा वर्षांचा हिशेब मांडणारा हा माणूस घाईच्या विरुद्ध होता, हे वेगळे सांगायला नको. 1975 साली मॉडेल कॉलनीत सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतली महिन्याची आखणी याहून उपयोगी आहे. एका आठवड्यात भर उभ्या आसनांवर असतो, एकात पुढे वाकण्याच्या आणि एकात मागे वाकण्याच्या आसनांवर. शेवटचा आठवडा लोड, घोंगड्या, खुर्ची यांच्या आधाराने करायच्या विश्रांतीच्या आसनांचा आणि प्राणायामाचा. वर्ग बंद राहत नाही, फक्त कामाचा प्रकार बदलतो. विश्रांतीलाही इथे वेळापत्रकात जागा आहे. मासिक पाळीच्या दिवसांसाठी त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी वेगळा क्रम आखून दिला. त्यात उलटी आसने वर्ज्य आहेत.

शरीराचे व्यवहार पाहिले तर ही दुसरी रीत बहुतेकांना मानवणारी आहे. न झेपलेल्या ताणानंतर स्नायू दुखतात ते लगेच नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतो. त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश भरून येते. रोज त्वेषाने पश्चिमोत्तानासन करणाऱ्यांना बसायच्या हाडाजवळ जी चिवट कळ लागते, ती याच घाईची. उलट, आठवड्यात एकदाच दोन तास आसने केली तर सहा दिवसांच्या खंडात अंग पुन्हा आखडते. म्हणून रोज वीस मिनिटे हलकी आसने आणि एक दिवस आड, आठवड्यातून तीनदा, कष्टाची आसने, ही विभागणी नव्याने शिकणाऱ्याला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या शिफारशीही याच्या जवळ जातात: प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम करावेत, स्नायूंना बळ देणारा व्यायाम किमान दोन दिवस, पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस.

हे सारे हिशेब दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला धरून मांडलेले असतात. पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवरच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथे अंगमेहनत शेतातच होते. ती योगासन नव्हे; एकच स्नायू एकाच दिशेने तासन्‌तास राबतो आणि विरुद्ध बाजूला ताण मिळत नाही. पण थकवा त्याच शरीरात साठतो, म्हणून आसनांचे वेळापत्रक कामाकडे पाहूनच ठरले पाहिजे.

शिरूर भागात कांदालागणीच्या दिवसांत बायका दिवसभर कमरेत वाकून असतात. संध्याकाळी त्यांनी पुन्हा पुढे वाकण्याची आसने करण्यात अर्थ नाही. हलके भुजंगासन, पाय भिंतीला टेकवून पडणे आणि दहा मिनिटे शवासन एवढे त्या हंगामात पुरे; कष्टाची आसने लागण उरकेपर्यंत बाजूला ठेवावीत. हठप्रदीपिकेनेही शवासन थकवा घालवणारे म्हणूनच सांगितले आहे. उसाच्या पट्ट्यात रात्रीची थ्री-फेज लाईट आली की दारे धरायला जावे लागते. अशा जागरणानंतर पहाटे पाचला उठून सूर्यनमस्कार घालण्याचा नियम पाळणे म्हणजे हठप्रदीपिकेतल्या त्या हट्टाचा नमुनाच. झोप पुरी करून, जेवणानंतर तीन-चार तासांनी, दिवेलागणीच्या आधी आसने केली तरी शास्त्र बुडत नाही.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची अडचण निराळी आहे. पाळी बदलते तेव्हा झोपेची वेळ बदलते, आणि पहिले एक-दोन दिवस शरीर अर्धवट जागे असते. ते दिवस विसाव्याचे ठरवले तर वेगळी सुट्टी शोधावी लागत नाही. यंत्रापुढे उभे राहणाऱ्यांनी पायांना आराम देणारी आसने रोज करावीत, उभी आसने एक दिवस आड. दौंडहून रेल्वेने रोज पुण्याला ये-जा करणाऱ्याचे उलट: त्याचे बसणे जास्त, म्हणून ताडासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन ही उभी आसने त्याला आठवड्यातून चार-पाच दिवसही चालतात. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. तिथल्या जवानांची सकाळ कवायतीने सुरू होते. त्यांना बळ वाढवणाऱ्या आसनांपेक्षा मांड्या, पोटऱ्या सैल करणाऱ्या आसनांची गरज अधिक.

संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंड करत पुढे जाते. त्या दिवसांत चालणाऱ्याने दुसरा कुठलाही व्यायाम करू नये. मुक्कामावर पोटऱ्या ताणणे आणि पाय उंचावर ठेवून पडणे इतकेच करावे.

21 जूनच्या योगदिनाचा गवगवा 2015 पासून सुरू झाला. त्या सकाळी शाळेच्या मैदानावर मुले तासभर आसने करतात आणि कित्येक ठिकाणी पुढचे वर्षभर काही नाही. तासाभराने दुखणारे अंग घेऊन घरी जाण्यापेक्षा तीच मुले रोज परिपाठानंतर दहा मिनिटे आसने करतील तर अधिक फायदा होईल.

थांबायचे कधी, याच्या खुणा शरीर देते. सकाळी उठल्यावरही कालचा थकवा असणे, झोप तुटणे, आसनात श्वास अडकणे, सांध्यात टोचल्यासारखी कळ येणे, यांपैकी काही दिसले तर दोन दिवस फक्त शवासन आणि संथ श्वसन करावे. स्नायूतला ताण आणि सांध्यातली कळ यांत फरक करायला शिकणे महत्त्वाचे. ताण आसन सोडताच ओसरतो. कळ मागे राहते, आणि ती राहिली तर ते आसन बरे वाटेपर्यंत बंद ठेवावे. ताप, जुलाब असताना आसने नकोतच. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी उलटी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, मग दिवस कितीही ठरलेले असोत.

आजारपण, बाळंतपण किंवा ऊसतोडीचा हंगाम यांमुळे महिनोन्‌महिने खंड पडला, तर जिथे सोडले तिथून सुरुवात करू नये. पहिला आठवडा उभी सोपी आसने आणि शवासन, तेही एक दिवस आड. दुसऱ्या आठवड्यात पुढे वाकणे. मागे वाकण्याची आणि उलटी आसने तिसऱ्या आठवड्यानंतर. बाळंतिणीने ही सुरुवातही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी, आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर पोटावर ताण देणारी आसने टाके पूर्ण भरून येईपर्यंत टाळावीत.