बदलीचा भाडेकरू

आमच्या आजोबांच्या भाडेवहीत माणसांची नावे क्वचित सापडतात. असतात ते हुद्दे. फिटर, फायरमन, गार्ड. कुर्डुवाडीत माळवदाच्या सहा खोल्या बांधून त्यांनी त्या फक्त रेल्वेवाल्यांना दिल्या. शिक्षक काय भाडे बुडवत होते? मग हा हट्ट का, इथून माझा शोध सुरू झाला.

हे गाव रुळांनी वाढवले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली इथून बार्शीला धावू लागली, तेव्हा या स्थानकाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरज जोडले गेले; नॅरोगेजचा कारखानाही इथेच. क्वार्टर न मिळालेला कामगार गावात खोली शोधी.

घरात पैसा घालणारा भाड्यातून घरपट्टी आणि डागडुजी वजा करतो आणि उरेल तो नफा समजतो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने हा हिशेब मोडला. जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधले गेले आणि नियमित भाडे भरणाऱ्याला सहसा काढता येईना. मग खोलीची खरी किंमत ती रिकामी होण्यात उरली. फायरमनची बदली झाली की ताबा कज्ज्याविना परत. आजोबांनी कायदा वाचला नसेल, पण बदली त्यांना पक्की कळत होती.

गोठलेले भाडे आता न्याय्य राहिले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ. वीस रुपये भाड्यावर पहिल्या वर्षी महिना ऐंशी पैसे! करार लेखी व नोंदलेला हवा, ही जबाबदारी मालकाची. तो नसेल तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य.

आमच्या सहाव्या खोलीतला फिटर निवृत्त झाला आणि इथेच राहिला. आता त्याची बायको राहते. करार कधी झालाच नाही, माझ्याकडे आहे ती फक्त वही. खोली मोकळी असेल तर जागेला गिऱ्हाईक आहे. घरात यावरून वर्षभर धुसफूस चालू आहे. ‘नोटीस काढ,’ म्हणतात. पावसाआधी मी माळवदावर पांढरी माती टाकून घेतली. काकूंनी खाली उभे राहून मजुरांना चहा दिला आणि संध्याकाळी भाडे आणून दिले. पावती लिहिताना मी हुद्द्याच्या जागी प्रथमच त्यांचे नाव लिहिले.