किल्ली काढली तरी मोजत राहणारं घड्याळ

गाडीची किल्ली काढली की डॅशबोर्डवरच्या घड्याळाचे हिरवट-निळे आकडे विझतात. गाडी आठवडाभर अंगणात उभी राहू दे. पुन्हा किल्ली फिरवली की आकडे उजळतात आणि वेळ बरोबर असते. आपण ते पाहतो आणि गिअर टाकतो. पण मधले सगळे दिवस, सगळ्या रात्री त्या विझलेल्या काचेमागे मोजणी अखंड चालू होती. ती कशाच्या जोरावर चालते हे एकदा कळलं, की भंगारात निघालेल्या गाडीचं घड्याळ टेबलावर आणून पुन्हा जिवंत करणं हे एका संध्याकाळचं काम आहे. त्याचं नवल मात्र कितीतरी दिवस पुरतं.

अशी घड्याळं ज्या पिढीच्या गाड्यांत असायची, त्यांतली एक म्हणजे टोयोटाची क्वालिस. म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाणारा रस्ता बेळगोळवरून जातो. एक काळ असा होता, की वृंदावन बागेकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांत क्वालिस हमखास दिसायची. ती बनायचीही ह्याच मुलखात, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या बिडदीला. किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर आणि जपानची टोयोटा यांची भागीदारीतली कंपनी १९९७ मध्ये उभी राहिली आणि २००० साली क्वालिस बाजारात आली. २००५ मध्ये इनोव्हा आली आणि क्वालिसचं उत्पादन थांबलं.

त्या पिढीच्या गाड्या आता मोडीत निघताहेत. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातली गुजरी, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे इंजिनाला भाव आहे, गिअरबॉक्सला आहे, दरवाजाच्या काचेलासुद्धा आहे. घड्याळ कुठल्यातरी खोक्यात तारा तुटक्या अवस्थेत पडलेलं असतं. जपानी घडणीच्या गाड्यांतलं, काचेच्या नळीतल्या उजळ आकड्यांचं असं घड्याळ दिसलं तर घ्यावं. घेताना एक गोष्ट नीट पाहावी. प्लास्टिकचं झाकण काढता आलं, तर आतल्या काचेच्या एका कोपऱ्यात चंदेरी आरशासारखा ठिपका दिसतो. नळीतला उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी तिथे बेरियमचा थर चढवलेला असतो. ठिपका चकचकीत असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर कुठूनतरी हवा शिरली. ते घड्याळ पुन्हा उजळणार नाही. विजेची एकही तार न जोडता जिवंत-मेलेलं ओळखायची ही खूण मला फार आवडते.

आता पाठीमागच्या तारा. बहुतेक घड्याळांना चार असतात. एक अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची. दुसरी बॅटरीच्या धन टोकाला कायम जोडलेली, किल्लीशी संबंध नसलेली. तिसरी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी. आणि चौथी दिव्यांच्या बटणाशी जोडलेली. रात्री दिवे लावले की हिच्यातून वीज येते आणि आकडे मंद होतात, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश येत नाही. सगळी हुशारी दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेत आहे. मोजण्याची वीज वेगळी, दाखवण्याची वीज वेगळी. दुकानाचं शटर खाली ओढलं तरी मुनीम आत हिशेब लिहीतच असतो, तसं. उजळायला बऱ्यापैकी वीज लागते, मोजायला अगदी थोडी. म्हणून उभ्या गाडीची बॅटरी घड्याळामुळे उतरत नाही.

मोजणारा मुनीम म्हणजे क्वार्ट्झचा, गारगोटीच्या जातीचा एक छोटा स्फटिक. क्वार्ट्झवर दाब दिला तर त्यावर विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटंही खरं: त्याला वीज दिली की तो आकार किंचित बदलतो. योग्य सर्किटात बसवला की तो आपल्या ठरलेल्या गतीने थरथरत राहतो, आणि ती गती त्याच्या आकारावर आणि कापावर अवलंबून असते. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी ह्या थरथरीवर चालणारं पहिलं घड्याळ केलं.

मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक चिमट्याच्या आकाराचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. गाडीच्या अनेक घड्याळांत मात्र दुसराच स्फटिक असतो. त्याच्या धातूच्या डबीवर ४.१९४३०४ असा आकडा कोरलेला दिसतो; तो मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला ४१,९४,३०४ कंपनं. हा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण त्याला निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. बरोबर बावीस वेळा निम्मा केला की १ उरतो. आतल्या चिपमध्ये निम्मं करणारे टप्पे एकापुढे एक ठेवलेले असतात, आणि शेवटच्या टप्प्यातून दर सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो. दोनाच्या पाढ्यातून सेकंद निघतो!

दुसरा स्फटिक कशासाठी, याचं उत्तर उन्हात आहे. चिमट्याच्या आकाराचा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात नेमका चालतो. त्याहून गरम किंवा गार झाला की मागे पडतो, आणि ही घट तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मे महिन्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड सहज ६५ अंशांवर जातो. फरक ४० अंश. त्या तापमानाला असं घड्याळ दिवसाला जवळजवळ पाच सेकंद मागे पडेल. जास्त कंपनांचा स्फटिक वेगळ्या कोनात कापलेला असतो, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याची चाल फार कमी ढळते. कडक ऊन सोसायला घडवलेली ही वस्तू आपण टेबलावर, पंख्याखाली ठेवणार आहोत. तिला इतका आराम आजवर मिळालेला नाही.

आणि तो उजेड! एलईडीच्या उजेडापेक्षा तो वेगळा का दिसतो? कारण ही नळी खरंच जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या जातीची आहे. १९६७ च्या सुमारास जपानमध्ये तादाशी नाकामुरा यांनी हा प्रकार शोधला. काचेच्या चपट्या पेटीत, आकड्यांच्या पुढे, केसापेक्षा बारीक तारा आडव्या ताणलेल्या असतात. डोळा जवळ नेऊन तिरकं पाहिलं की त्या दिसतात. त्या तापल्या की त्यांतून इलेक्ट्रॉन निघतात. मागे जाळी, जाळीमागे आकड्याचे तुकडे, आणि तुकड्यांवर झिंक ऑक्साइडचा लेप. ज्या तुकड्याला धन दाब मिळेल त्याच्यावर इलेक्ट्रॉन जाऊन आदळतात आणि लेप उजळतो. जुन्या टीव्हीच्या नळीला ह्याच कामासाठी हजारो व्होल्ट लागायचे. इथे काही मोजक्या व्होल्टांत भागतं. टेबलावर '९:४१' दिसतं तेव्हा एका पोकळीत अक्षरशः इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडत असतो.

जोडणीकडे येऊ. कुठली तार कुठली, हे घड्याळागणिक बदलतं, म्हणून आधी आतला सर्किट बोर्ड पाहायचा. तांब्याच्या सगळ्यात रुंद पट्ट्याला जोडलेला पाय बहुधा अर्थिंगचा. मल्टिमीटरने खात्री करायची. मग १२ व्होल्टचा साधा अॅडॉप्टर घ्यायचा आणि पहिल्या चाचणीसाठी धन तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब मध्ये टाकायचा. काही उलटसुलट जोडलं गेलं तर बल्ब पेटतो आणि बोर्डावरचा ताण बराच कमी होतो. वायरमन लोक दिव्याच्या सिरीजमध्ये मोटर तपासतात, तोच हा प्रकार.

नुसतं चालवायचं असेल तर दुसरी आणि तिसरी तार एकत्र करून धनाला, पहिली ऋणाला, झालं. पण मग वीज गेली की घड्याळ सगळं विसरतं. इथे गाडीची ती हुशारी कामाला घ्यावी. तिसरी तार फक्त अॅडॉप्टरला जोडायची. दुसऱ्या तारेत अॅडॉप्टरची वीज एका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) आणायची आणि सहा पेन्सिल सेलची, म्हणजे ९ व्होल्टची, दुसऱ्या डायोडमधून. अॅडॉप्टरचा दाब जास्त असल्याने एरवी सेल खर्च होत नाहीत. लोडशेडिंग झालं की तिसरी तार मरते, आकडे विझतात, पण सेलवर मोजणी चालू राहते. घड्याळाला वाटतं, कोणीतरी किल्ली काढली. आणि ९ व्होल्ट पुरतात का? गाडीचा स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब तेवढा खाली येतोच, आणि त्यातही चुकू नये अशीच ही घड्याळं केलेली असतात.

चौथ्या तारेला एक छोटा खटका लावून ठेवावा. रात्री आकडे मंद राहतील आणि लेपाचं आयुष्यही वाढेल, कारण गाडीत दिवसाचे एक-दोन तासच उजळणारी ही नळी आता चोवीस तास जागणार आहे.

ह्याहून नव्या गाड्यांत घड्याळ स्वतः मोजत नाही. गाडीतल्या संगणकाकडून निरोप येतो आणि पडदा तो दाखवतो. असा पडदा टेबलावर आणला तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारा मायक्रोकंट्रोलर लागतो. ते काम वेगळं आणि बरंच मोठं आहे.

वेळ लावायला बटणं तीन: तास, मिनिटं, आणि अनेक घड्याळांवर ':००' असं तिसरं. हे दाबलं की वेळ जवळच्या पूर्ण तासावर जाऊन बसते. आकाशवाणीवर बातम्यांआधी वेळेचे ठोके पडतात, त्यातल्या शेवटच्या ठोक्याला ते दाबावं. मग महिनाभर हात लावू नये. महिन्याने घड्याळ २६ सेकंद पुढे गेलं, तर चूक दहा लाखांत दहाची, म्हणजे स्फटिक सेकंदाला सुमारे ४२ कंपनं जास्त करतोय. काही बोर्डांवर त्याच्या शेजारीच पेचाची खाच असलेला, चाल जुळवणारा छोटा ट्रिमर असतो. तो प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचा, कारण धातूचा पेचकस नुसता जवळ आला तरी चाल बदलते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचं.