कंपवात झाला म्हणजे

देहूरोड हे घड्याळावर चालणारे गाव. लष्कराची छावणी, डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुणे-लोणावळा लोकल; सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या. अशा गावी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. वर्षभरापासून त्याचा उजवा हात स्वस्थ बसला असता थरथरतो. सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागतो. चालताना तो हात हलत नाही, पाय घासतो. घरचे म्हणतात, 'वय झालं, दुसरं काय!' शेवटी डॉक्टर तपासतात आणि सांगतात, 'हा कंपवात आहे. याला पार्किन्सन्सचा आजार म्हणतात.' मग घरादाराच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : औषधाची वेळ पाळायची आणि माणसाला वेळ द्यायचा. हे असे का, ते आता नीट समजून घेऊ.

आपल्या मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. तेथील पेशी डोपामिन नावाचे एक रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने करणे, हे या रसायनाच्या मदतीने होते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेल्या म्हणजे मग आजार बाहेर दिसू लागतो. रेल्वेचा दाखला घ्या. इंजिन शाबूत आहे, रूळ शाबूत आहेत, ड्रायव्हर शहाणा आहे. पण सिग्नल उशिरा पडतो. गाडी उभी राहते ती त्यामुळे. या माणसाच्या हातापायांत बळ असते, मनात इच्छा असते, उशीर होतो तो निरोप पोचायला. म्हणून त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रथम तपशिलाने लिहिले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात हा शब्द जुनाच आहे. पण नावातल्या 'कंप' या शब्दाने फसू नका. काही रुग्णांना थरथर मुळीच नसते; केवळ मंदपणा आणि ताठरपणा असतो. उलट, हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला कंपवात असतोच असेही नाही. थायरॉइडच्या बिघाडाने, काही औषधांनी किंवा वेगळ्या प्रकारच्या कंपानेही हात हलतो. म्हणून निदान मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. ते मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीवरून होते.

शिक्षक बंधुभगिनींनी एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. या आजारात अक्षर बारीक होत जाते. ओळीच्या आरंभी अक्षर ठीक असते, शेवटी ते मुंगीएवढे होते. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या हे लवकर लक्षात येऊ शकते. आवाज खाली जातो, मागच्या बाकावर ऐकू येत नाही. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आणि मुले समजतात की गुरुजी रागावले. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे, या गोष्टी तर कधीकधी थरथरीच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात.

हा आजार संसर्गाने होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवलात तरी तो लागणार नाही. बहुतेक ठिकाणी तो बापाकडून मुलाकडे येत नाही. तो पूर्वजन्मीचे पाप नव्हे की कोणाची करणीही नव्हे. साधारणपणे साठीनंतर तो आढळतो, क्वचित तरुणपणीही. काही कीटकनाशके व तणनाशके यांच्याशी दीर्घकाळ संबंध येणाऱ्यांत त्याचा धोका वाढतो, असे संशोधनात दिसले आहे. शेतकरी बांधवांनी फवारणी करताना तोंड, नाक व हात झाकावेत, याला हे आणखी एक कारण.

आता औषधाकडे वळू. त्याच्या शोधात आपल्या मातीतल्या एका वनस्पतीचा भाग आहे. सर्पगंधेच्या मुळांत रिसर्पिन नावाचे द्रव्य असते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिनचे मोल त्यातून कळले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामिन सरळ गोळीतून दिले तर ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन बनते. वाटेतच ते वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. आजही हेच प्रमुख औषध आहे, आणि ते आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

हे औषध पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. पण हालचाल मोकळी करते. मात्र त्याचा अंमल काही तासच टिकतो. आजार जुना होत जाईल तसा हा काळ आखडतो. म्हणून आठची गोळी आठलाच घ्यावी. दूध, डाळ, अंडी, मांस यांतली प्रथिने या औषधाच्या वाटेत आडवी येतात. तेव्हा साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने गोळी घ्यावी. सुरुवातीला मळमळ झाली तर डॉक्टर एखादे बिस्कीट खायला सांगतात. बरे वाटते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळी एकाएकी बंद करू नये. त्याने प्रकृतीला गंभीर धोका होतो. उठल्यावर चक्कर येणे, भास होणे, जुगाराचा किंवा खर्चाचा अनावर नाद लागणे, हेही या आजारावरच्या औषधांचे परिणाम असू शकतात. लाज न बाळगता ते डॉक्टरांना सांगावेत. तसेच उलटीवरची काही औषधे हा आजार वाढवतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची यादी खिशात असावी.

कोणी म्हणेल, 'खाजकुइलीच्या बिया घ्या, बरे वाटेल.' त्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे आहे. पण एका बियाण्यात ते किती, दुसऱ्यात किती, याचा मेळ नसतो. गोळ्या चालू असताना वर चूर्ण घेतले तर मात्रा वाढते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये.

गोळीइतकीच गरज व्यायामाची आहे. रोज चालावे, पण मुद्दाम लांब पाऊल टाकून आणि हात हलवून. वर्तमानपत्र किंवा पोथी मोठ्याने वाचावी, म्हणजे आवाज टिकतो. मुलांची दुरेघी वही घेऊन दोन्ही रेघांना टेकेल असे अक्षर गिरवावे. कधी दारात किंवा वळणावर पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढू नका, तोल जातो. थांबावे, 'एक, दोन, तीन' म्हणावे आणि पाऊल उचलावे. जमिनीवर खडूच्या आडव्या रेघा मारल्या तर त्या ओलांडत पाय चालू लागतात. ठेक्याचाही असाच गुण आहे. टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणारी दिंडी देहूच्या परिसरात नवी नाही; तोच ठेका येथे उपयोगी पडतो. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले आहेत.

घरातही थोडे बदल करावेत. सरकणारी सतरंजी काढून टाकावी, न्हाणीत धरायला दांडा लावावा, रात्री दिवा ठेवावा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे घाई सोडावी. गुंड्या लावायला दहा मिनिटे लागत असतील तर दहा मिनिटे आधी सुरुवात करावी. चटकन पुढे होऊन आपणच लावून देऊ नयेत. बोलताना त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. लोकल सुटत असेल तर सुटू द्यावी, मागून दुसरी येते. उदासपणा हाही या आजाराचाच भाग आहे. 'मन घट्ट कर' एवढ्याने तो जात नाही. त्यावरही उपचार आहेत.

एकट्याने हे ओझे वाहू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. तज्ज्ञांची व्याख्याने, अनुभवांची देवघेव, सहली असे तेथील काम असते. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ साली अशीच एक संस्था स्थापन केली. देहूरोडकरांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून ही मोठी रुग्णालये लोकलच्या अंतरावर आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरले तर प्रमाणपत्रावर सवलती मिळू शकतात. निवडक रुग्णांसाठी मेंदूत विद्युत्तार बसविण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण निदान झाले की लगेच तिची चिंता करायचे कारण नाही.

कंपवात समूळ बरा करणारा इलाज आज नाही. पण उपचार, व्यायाम आणि घरच्यांची साथ असेल तर माणूस अनेक वर्षे हिंडतो, फिरतो, नातवंडांना शिकवतो. तेव्हा आज एवढे करा. एका कागदावर मोठ्या अक्षरात गोळ्यांच्या वेळा लिहा आणि तो कागद घड्याळाखाली लावा. लिहिताना अक्षर बारीक झाले तरी हरकत नाही, पण तो कागद ज्याचा आजार आहे त्यालाच लिहू द्या.