कायद्याबाहेरचे तलाव

निसर्गाने घडवलेली पाणथळ जागा वऱ्हाडात शोधू गेले, तर लोणार सरोवरापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. बाकी सारे माणसाने बांधलेले. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव हे एकेकाळी शहरांची तहान भागवायचे. पुढे अमरावतीच्या नळाला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी आले, अकोल्याच्या नळाला महानच्या काटेपूर्णेचे. तलाव जागेवरच राहिले. रोज त्यांची चौकशी करायचे कारण मात्र संपले.

कायद्यानेही त्यांना दारातच थांबवले. 1971च्या रामसर करारात भारत 1982 साली सामील झाला आणि पाणथळींसाठी केंद्राने आधी 2010, मग 2017 साली नियम केले. पण 2017च्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे वऱ्हाडातले जवळपास सगळेच! नोव्हेंबर 2020मध्ये रामसर यादीत गेले ते लोणार.

पक्षी काही व्याख्या वाचून उतरत नाहीत. थंडीत चक्रवाक आणि पट्टकादंब इथल्या धरणांवरही येतात, आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेऊन पक्षिमित्र. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात 1987पासून दर जानेवारीत होते, तीही मुख्यतः अशा हौशी लोकांच्या जिवावर.

लोकसहभागाचे सर्वात गाजलेले उदाहरण मात्र तलावाचे नाही, नदीचे. जलकुंभीने झाकलेल्या मोर्णेत 13 जानेवारी 2018 रोजी अकोलेकर उतरले. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी सफाई झाली, सहा हजारांवर माणसे आली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. दर शनिवारी श्रमदान करायचे ठरले. उत्साह खरा होता, पण जलकुंभी पोसली जाते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. हातांनी जलकुंभी ओढता येते, नाले रोखता येत नाहीत. ते काम पालिकेचे आणि पैशांचे.

त्यामानाने अमरावती जिल्ह्यातल्या वरूडचा अनुभव वेगळा. 2016 साली पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरूड होता. इथे पाण्याशी संत्र्याची बाग बांधलेली, त्यामुळे श्रमदानाचे महत्त्व कुणाला पटवून द्यावे लागत नाही. 2017च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतही शेतकऱ्याला तलावापर्यंत आणले ते सुपीक गाळाने.

पण गरजा एकमेकींना छेदतात. भोई मच्छीमाराला उन्हाळ्यातही जलाशयात पाणी हवे, सिंचनवाल्याला ते कालव्यात हवे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते; तिथली खते-औषधे पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात. जेसीबीने काठ सरळ कापला की चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांची जागा जाते. मच्छीमार संस्थेचा करार मत्स्यव्यवसाय खात्याकडे, गाळपेराची जमीन पाटबंधारे खात्याकडे, पक्ष्यांचा विषय वनखात्याकडे. आणि पाणी सगळ्यांचे एकच.