दाढीचा ब्रश : एक बोअर विषय

नाव वाचून पान उलटू नका. इंग्रजीत डुकराच्या नराला बोअर म्हणतात, आणि त्याच्या राठ केसांपासून केलेल्या ब्रशला बोअर ब्रश. आपल्याकडे बोअर म्हणजे एक तर शेवटच्या तासाचं लेक्चर, नाही तर हॉस्टेलच्या टाकीतलं खारट पाणी. या लेखात लेक्चर थोडंसं आहे, पाणीही येणार आहे. मुलींच्या हॉस्टेलमधल्या वाचकांनी दाढीचा भाग गाळला तरी चालेल, पण बीमचं सूत्र तेवढं वाचून जा, परीक्षेला येतं.

या विषयात मी शिरलो तो एका मित्रामुळे. आमच्या विंगमधला हा मुलगा दीड वर्ष एकच ब्रश वापरत होता. खोका केव्हाच फेकलेला. एका रात्री गप्पांत कुणीतरी सहज म्हणालं, "अरे, दाढीचे ब्रश डुकराच्या केसांचे असतात." त्याचा चेहरा उतरला. त्याच्या घरी हे अजिबात चालणारं नव्हतं. आम्ही हसलो, पण तो हसत नव्हता, तेव्हा गप्प बसलो आणि शोधून काढायचं ठरवलं.

पद्धत सोपी आहे. ब्रशमधला एकच केस उपटायचा, चिमट्यात धरायचा आणि काडीपेटीची ज्योत दाखवायची. नायलॉन असेल तर तो आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. केस असेल तर केस जळल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी चुरडली जाते. (हा प्रयोग गादीवर बसून करू नये. रेक्टर सरांना वेगळं कारण सांगावं लागतं.) मात्र यातून फक्त केस की प्लॅस्टिक एवढंच कळतं. कुठल्या प्राण्याचा, हे कळायला भिंग हवं. डुकराचा केस टोकाला फाटलेला असतो, एकाचे दोन-तीन फाटे. बॅजर नावाच्या प्राण्याचा केस मात्र निमुळता होत एकाच टोकाला संपतो. रंगावर जाऊ नका. बॅजरच्या केसात मध्ये काळा पट्टा असतो म्हणून डुकराच्या केसांनाही तसाच पट्टा रंगवून ब्रश विकतात. खोक्यावर नुसतं 'प्युअर ब्रिसल' लिहिलं असेल तर ते बहुधा डुकराचेच केस.

मित्राच्या ब्रशच्या केसाला वास आला, आणि भिंगाखाली फाटेही दिसले. दुसऱ्या दिवशी त्याने नायलॉनचा ब्रश आणला. जुना माझ्याकडे आला. माझी तक्रार नव्हती, उलट तोवर मी जो वापरत होतो त्याच्यापेक्षा तो कितीतरी बरा निघाला. का, हे शोधताना पुढचं सगळं हाती लागलं.

पहिली गोष्ट ताठपणाची. ब्रशचा प्रत्येक केस म्हणजे एक कॅन्टिलिव्हर बीम. मूळ दांड्यात डिंकाने पक्कं बसवलेलं, टोक मोकळं, आणि टोकावर गालाचा भार. कॅन्टिलिव्हरचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे दांड्याबाहेर आलेल्या केसाची लांबी ५० मि.मी. ऐवजी ६० केली, तर ताठपणा जवळजवळ ४२ टक्क्यांनी उतरतो. जाडी नुसती १० टक्क्यांनी कमी केली तरी तो ३४ टक्क्यांनी कमी होतो. प्रत्यक्षात केस एकमेकांना टेकलेले असतात, गठ्ठा किती घट्ट बांधलाय यावरही बरंच ठरतं, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नका. पण दुकानात दोन ब्रश हातात आले की आधी लांबी बघायची, एवढं यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथेच डुकराचा केस नायलॉनपेक्षा वेगळा पडतो. केस केराटिनचा बनलेला. पाणी आत शिरलं की केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस लवचिक होतो. डुकराचा केस हे पाणी स्वतःच्या आत शोषतो. बॅजरचा ब्रश ते मुख्यतः केसांच्या दाटीत धरून ठेवतो. नायलॉन फारसं शोषत नाही, म्हणून तो कोरडा असताना जसा तसाच ओला असताना. ज्यांना सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला पळायचंय त्यांना नायलॉन सोयीचा, भिजवत बसावं लागत नाही. बोअर ब्रश मात्र कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून ठेवायलाच हवा. कोरडाच साबणावर घासला तर गालावर काथ्या फिरवल्यासारखं वाटतं, आणि लोक म्हणतात ब्रश वाईट. गंमत म्हणजे आपल्या दाढीचे केसही केराटिनचेच. त्यांनाही मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं ओलं राहावं लागतं. ब्रशने फेस करण्यात जो वेळ 'वाया' जातो, त्यात हेच काम होत असतं. पुटकुळ्यांवरून ब्लेड फिरवून इंटरव्ह्यूला गालावर कापसाचे बोळे लावून जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता तुलना. परदेशी ब्रशांत दोन नावं नेहमी ऐकू येतात. इटलीत बोलोन्याची ओमेगा कंपनी, १९३१ पासूनची, आणि पोर्तुगालची सेमोग, १९५५ ची. ओमेगाचा १००४९ हा न्हाव्यांसाठी काढलेल्या मालिकेतला. लांब प्लॅस्टिकचा दांडा, केस साठ मि.मी.हून लांब, गठ्ठा जाड. वरच्या सूत्रानुसार तो मऊ असणार आणि असतोच, शिवाय पाणी भरपूर धरतो. वाटीत फेस करणाऱ्याला तो आवडेल. सेमोगच्या १३०५ चे केस त्याहून आखूड आणि गठ्ठाही बारीक, त्यामुळे गालावरच साबण चोळून फेस करणाऱ्याला तो हातात जास्त बसतो. सेमोगवाले केसांची प्रत 'टॉप्स'मध्ये सांगतात. ९० टक्के टॉप्स म्हणजे गठ्ठ्यातले इतके केस पूर्ण लांबीचे, आखूड भरताड कमी. माझं मत विचाराल तर हॉस्टेलवर लहान ब्रशच बरा, बादली-मगात वाटी कुठे सांभाळणार?

बाजारातल्या स्वस्त ब्रशांची खरी गोम मात्र लांबीत नसते. आकार गोल दिसावा म्हणून काही वेळा टोकं कात्रीने कापतात. डुकराच्या केसाचा सगळा मऊपणा त्या फाटलेल्या टोकांत असतो. तीच गेली की उरतं जाड बुंधं, आणि ते टोचणारच. विकत घेताना टोकं उजेडात धरून बघा, सगळी एका पातळीत साफ कापल्यासारखी दिसली तर ठेवून द्या.

चांगला बोअर ब्रशही पहिल्या दिवशी चांगला नसतो. नव्याला जनावराचा वास येतो. शाम्पूने धुवायचा, फेस करायचा, वाळवायचा, पुन्हा तेच. दोन-तीन आठवडे वापरला की टोकं आणखी फाटत जातात आणि ब्रश मऊ होतो. झिजण्याने सुधारणारी वस्तू मशीन डिझाइनच्या पुस्तकात मला तरी सापडली नाही.

थोडा इतिहास, कारण तो आपल्या वाटेनेच गेलाय. १९३८ मध्ये नायलॉनचा पहिला वापर झाला तो टूथब्रशमध्ये. तोवर दात घासायलाही डुकराचेच केस असत. दुसऱ्या महायुद्धात रंगाच्या ब्रशांसाठी हे केस इतके मोलाचे होते, की आसामहून हिमालयावरून चीनला रसद नेणारी विमानं परतीच्या फेरीत टंगस्टन आणि कथिलाबरोबर डुकराचे केसही आणत. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. आज तशी भीती नाही, तरी दुसऱ्याचा ब्रश मागू नका. (मी घेतला तो आधी दोनदा धुतला होता.)

शेवटी दुसरं बोअर, टाकीतलं. या जड पाण्यात कॅल्शियम असतं. ते साबणाशी जोडलं जाऊन न विरघळणारा पांढरा थर होतो. फेस पटकन बसतो तो यामुळे, आणि केसांच्या बुडाशी चिकटलेला चुनाही हाच. साबण थोडा जास्त घ्या, आणि महिन्यातून एकदा मेसमधून व्हिनेगर मागून, पाण्यात मिसळून त्यात ब्रश पाच-दहा मिनिटं ठेवा. एरवी वापरून झाला की धुऊन झटकायचा आणि खिडकीत उघडा ठेवायचा. ओला ब्रश झाकणाच्या डब्यात घालून दिवाळीच्या सुट्टीला घरी जाऊ नका. परत आल्यावर डबा उघडायला रूम पार्टनरला सांगावं लागेल.