ताटातील जमेची बाजू

आपल्या घरातील सहा वर्षांच्या मुलाला विचारावे, बटाटा का खायचा नाही. तो अडखळणार नाही. कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट ही वर्ज्य पदार्थांची यादी त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होते. तोच मुलगा विशीत शिक्षणासाठी पुण्यास खोली घेऊन राहू लागला, की त्याला विचारावे, काल कोणती भाजी खाल्लीस? उत्तराला वेळ लागतो.

गेल्या हिवाळ्यात नात्यातील अशाच एका मुलाच्या खोलीवर जाण्याचा योग आला. फडताळात खाकरे, शेव, घरून आलेले लाडू आणि चीजची पाकिटे. मेसमधील बहुतेक भाज्यांत कांदा-बटाटा असतो, म्हणून तो वरणभातावर भागवतो. वर्ग सुटेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, म्हणून सायंकाळचे जेवण बुडते. कधीतरी ‘जैन’ अशी पाटी पाहून पिझ्झा. त्याने एकही नियम मोडला नव्हता आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटले. परतताना सौ. मात्र एवढेच म्हणाली, “अहो, त्या खोलीत एकही फळ नव्हते.”

त्याला काय सोडायचे ते आम्ही नीट शिकवले होते. काय घ्यायचे, हे शिकवायचे राहून गेले होते.

जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते, आणि बटाटा त्या हिशेबात धरतच नाही! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या 2000 कॅलरींच्या ताटात तर 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे आहेत. म्हणजे दिवसाला अर्धा किलो. आपल्या व्रतांची यात अडचण किती? अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरांतही महिन्याचे चारच दिवस जातात. चातुर्मासात पालेभाजी सुटली, तरी दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार आहेतच. उरलेल्या सव्वीस दिवसांचे खाते कोरे राहते, ते आळसाने. त्याला धर्माचे नाव देऊ नये.

मुलींच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. डाळी-कडधान्यांतील लोह अंगी लागण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा पेरू असला की ते काम होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र त्या लोहाला अडवतो, आणि आपल्या घरांतून तो चहा हटवणे हे पेरू आणण्यापेक्षा कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

उपदेशाने तरुण मुले खात नाहीत. समोर चिरून ठेवले की खातात. आमच्या पेढीवर दुपारी चारला फरसाणाची पुडी सुटत असे. आता पपई किंवा पेरूच्या फोडींची ताटली येते. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, नंतर ताटली रिकामी परत जाऊ लागली. बाहेरगावी राहणाऱ्यांनी पाचच्या सुमारास खाण्यासाठी केळे, चिकू किंवा डाळिंबाचे दाणे डब्यात न्यावेत. सूर्यास्तापूर्वी पोटाला आधार होतो आणि रात्री उपाशी झोपणे टळते.

त्या मुलाला आम्ही पुढच्या खेपेस लाडवांबरोबर लहान कुकर आणि सुरी पाठवली. सुटीत घरी आला तेव्हा सौ.ने त्याला मंडईत नेऊन कोवळा दुधी नखाने कसा पारखायचा ते दाखवले. व्यापाऱ्याचा मुलगा, भाव करायला त्याला शिकवावे लागले नाही. परवा रविवारी सकाळी त्याचा फोन आला, “काकू, दोडक्याच्या शिरा काढायच्या की ठेवायच्या?”

“काढ,” सौ. म्हणाली, “पण टाकू नकोस. तीळ घालून चटणी होते.”