तबकडीच्या पोटात (लेखांक ७) : लाल पेटी

माझ्या कपाटात एक लाल पेटी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या पहिल्या चित्रपटाचं, म्हणजे ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’चं, संपूर्ण संगीत तिच्यात आहे. ही पेटी २००५च्या डिसेंबरात निघाली. पाठोपाठ २००६मध्ये निळी आणि २००७मध्ये हिरवी आली. लाल पेटीत तीन सीडी आणि एक डीव्हीडी-ऑडिओ. तीन सीडींवर मिळून जे तीन तासांचं संगीत आहे, तेच सगळं पुन्हा त्या चौथ्या तबकडीवर. “म्हणजे एकच वस्तू दोनदा घेतलीस?” आईने विचारलं होतं. तेव्हा मी “आवाज जास्त चांगला असतो” असं काहीतरी पुटपुटलो. ते उत्तर पुरतं खरं नव्हतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी. ‘शोले’च्या संवादांची तबकडी पॉलिडोरने काढली आणि ती गणपतीच्या मांडवांतसुद्धा वाजली, पण पार्श्वसंगीत वेगळं विकत घेऊन ऐकायची सवय आपल्याला फारशी लागली नाही. हॉलिवूडचे शौकीन ज्याला ‘स्कोअर’ म्हणतात ते हेच पार्श्वसंगीत. मोठा वाद्यवृंद, समोर पडद्यावर प्रसंग, आणि सेकंदाच्या हिशोबाने बेतलेले सूर.

आता आकडे. सीडीसाठी आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. १९९९ साली सोनी आणि फिलिप्स या सीडीच्याच जन्मदात्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली. शौकीन तिला एसएसीडी म्हणतात. तिची रीतच निराळी : माप एकाच बिटाचं, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. पाठोपाठ आलेल्या डीव्हीडी-ऑडिओने सीडीचीच रीत ठेवली, फक्त बिट २४ केले आणि मापांची संख्या सेकंदाला १,९२,०००पर्यंत नेली.

यातली मला सगळ्यात लोभस वाटते ती हायब्रिड एसएसीडी. एकाच बाजूला दोन थर. साध्या सीडीचा थर १.२ मिलिमीटर खोल, आणि वाटेत ०.६ मिलिमीटरवर एसएसीडीचा अर्धपारदर्शक थर. सीडी प्लेअरच्या लेझरचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. तो वरच्या थरातून आरपार जातो आणि तळाची सीडी वाचतो; वाटेत आणखी काही होतं याचा त्याला पत्ताही नसतो. एसएसीडी प्लेअरचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा. तो वरच्या थरावरूनच परततो. एकाच जिन्याने दोन पाहुणे यावेत, एकाने पहिल्या मजल्यावर टेकावं आणि दुसऱ्याने थेट गच्ची गाठावी, असा हा प्रकार. सुरुवातीच्या बऱ्याच एसएसीडी मात्र एकाच थराच्या होत्या. त्या साध्या प्लेअरमध्ये वाजत नाहीत. जुन्या तबकड्यांच्या एका दुकानातून अशीच एक मी हौसेने आणली, आणि माझ्या प्लेअरने दोन मिनिटं घरघर करून ‘नो डिस्क’ म्हणून हात वर केले. तेव्हापासून वेष्टनावर ‘हायब्रिड’ हा शब्द दिसल्याशिवाय पाकिटाला हात घालत नाही.

बरं, पण एवढ्या मापांनी कानाला काय मिळतं? ४४,१०० मापांत २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तरुण, निरोगी कान २० हजारांपर्यंत ऐकतो. माझ्या वयाचा तर त्याच्या कितीतरी खालीच थांबतो. बॉस्टनच्या ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी याचीच परीक्षा घेतली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजत असताना मध्येच तो आवाज सीडीच्या मापात उतरवायचा, पुन्हा बाहेर काढायचा, आणि ऐकणाऱ्याला विचारायचं, फरक कळला का? ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. २००७ साली हे छापून आल्यावर शौकिनांत जी धुसफूस झाली ती अजून शमलेली नाही. भांडणाच्या भरात त्याच लेखातलं दुसरं निरीक्षण मात्र बहुतेकांनी सोडून दिलं. या उच्च दर्जाच्या तबकड्या एरवीच्या सीडींपेक्षा बहुतेकदा खरंच चांगल्या वाजतात, असंही ते दोघे सांगतात. कारण त्या बनवणाऱ्याने जीव ओतलेला असतो. मोटारीत आणि मोबाइलवर वाजायला हवं म्हणून आवाज ठोकून सपाट करायची घाई तिथे नसते.

मला हे पटतं. आमच्या घरात पंखा आणि शेजारचा कुकर यांच्यापुढे सीडीचाच सगळ्यात हळू सूर ऐकू येत नाही. जास्त बिटांमुळे मिळणारे त्याहून हळू सूर घेऊन मी करू काय?

आणि गंमत म्हणजे माझ्या लाल पेटीतली डीव्हीडी-ऑडिओ २४ बिट आणि ४८,००० मापांचीच आहे. आकडे मोजून तबकड्या घेणारा नाक मुरडेल. १,९२,०००ची सोय असताना एवढंच? पण पेटी घ्यायची ती या आकड्यासाठी नव्हे. २००१ साली चित्रपटाबरोबर जी सीडी आली ती सत्तरएक मिनिटांची. हॉवर्ड शोरने रचलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेलं ऐकायचं तर चित्रपट लावायचा, आणि तिथे तलवारी, घोडे आणि संवाद यांच्याखाली संगीत दबलेलं.

मोरियाच्या अंधाऱ्या खाणीतला प्रवास घ्या. बाकीचं संगीत मुख्यतः लंडन फिलहार्मनिकचं, पण मोरियाचा मोठा भाग वेलिंग्टनच्या टाउन हॉलमध्ये न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवला. २००१च्या मेमध्ये कान महोत्सवात चित्रपटाचा सव्वीसएक मिनिटांचा तुकडा दाखवायचा होता, आणि त्यात मोरिया होतं. तिथला खर्जातला पुरुषांचा कोरस न्यूझीलंडच्याच गायकांचा, शब्द टोल्किनच्या बुटक्यांच्या भाषेतले. चित्रपटात त्यावर आरडाओरडा आणि कोसळणारे दगड. तबकडीवर नुसता कोरस. तोही पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यात मांडलेला. वाद्यवृंद समोर, आणि मागच्या स्पीकरांतून मला मुख्यतः दालनाचा घुमारा ऐकू येतो. ढोल थांबला की तो घुमारा मागे रेंगाळतो, भिंतींना टेकतो, आणि मग विरतो. दोन स्पीकरांवर तो ढोलाच्याच अंगाला चिकटून राहतो. हा फरक ओळखायला कुणाची परीक्षा घ्यावी लागत नाही.

चित्रपटसंगीत या मांडणीला जन्मतःच सोयीचं आहे. ते आधीपासून चित्रपटगृहाच्या अनेक स्पीकरांसाठीच मिसळलेलं असतं. तिथे मधला स्पीकर संवादांचा, म्हणून संगीत तिथे अंग चोरून बसतं. तबकडीसाठी नव्याने मिसळताना चांगला ध्वनितंत्रज्ञ त्याला ती जागा परत देतो. वाईट तंत्रज्ञ चित्रपटाचीच मिसळण उचलून ठेवतो, आणि मधोमध खड्डा ऐकू येतो. घेण्याआधी विचारायचं असेल तर हेच विचारावं.

हाल झाले ते वायरींत. नक्कल होईल या धास्तीने एसएसीडीचा मूळ डिजिटल आवाज साध्या वायरीने बाहेर पडू दिला नव्हता. त्यामुळे प्लेअरमागून सहा वेगळ्या वायरी ओढायच्या, प्रत्येकीचा रंग लक्षात ठेवायचा, आणि मोलकरणीने टीपॉय सरकवला की पुन्हा पहिल्यापासून. एचडीएमआयच्या एका वायरीत हे सगळं मावायची सोय झाली तोवर बहुतेकांनी नाद सोडला होता. डीव्हीडी-ऑडिओ वाजवणारे प्लेअरही आता शोधावे लागतात. लाल पेटीतली तबकडी साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजते खरी, पण मग तिच्यातला डॉल्बीचा दाबून बसवलेला आवाजच मिळतो.

२०१८ साली या तिन्ही पेट्या पुन्हा निघाल्या, डीव्हीडीच्या जागी ब्लू-रे घेऊन. ब्लू-रे प्लेअर माझ्याकडे आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

(पुढच्या आठवड्यात : सत्तरच्या दशकातल्या चार स्पीकरांच्या टेप्स एसएसीडीवर कशा परतल्या.)